घ्यायला काय हरकत आहे?

मंडळी, ह्या वीकेंडला तंत्रज्ञान नाही, पुस्तक नाही, भटकंती नाही. विषय जरा घरगुती आहे. आपल्या वयाच्या (म्हणजे तिशीच्या थोडं अलीकडच्या-पलीकडच्या) लोकांच्या घरात सध्या तो दबक्या आवाजात चालू असतो. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली असतात, फ्लॅटचा हप्ता सुरू झालेला असतो, एक ऑनसाईट पदरात पडलेली असते, आणि 'गोड बातमी' काही येत नसते. मग गावाहून बाटल्या येऊ लागतात.

बाटल्या, पुड्या, डबे. शतावरी कल्प, अशोकारिष्ट, फलघृत, शिवलिंगीचं बी. कोणाच्या तरी मावशीच्या जावेला गुण आला त्या वैद्यांचा पत्ता. आता त्यात इन्स्टाग्रामवरच्या 'हॉर्मोन बॅलन्स' चहाची भर पडलीय. पाकीट गुळगुळीत, किंमत डोळे पांढरे करणारी, आणि आत तीच शतावरी. ह्या सगळ्याबरोबर एक वाक्य मात्र फुकट येतं: "अगं, झाडपाल्याचंच तर आहे. घ्यायला काय हरकत आहे?"

माझं आजचं म्हणणं ह्या एका वाक्याबद्दल आहे. हरकत आहे, आणि बऱ्यापैकी आहे.

मी डॉक्टर नाही, वैद्य तर त्याहून नाही. साधा कोड पाडणारा माणूस. पण दोन विधानं एकमेकांशी जुळत नसतील तर ते कळायला एमबीबीएस लागत नाही. झाडपाल्याबद्दल आपण एका दमात दोन गोष्टी बोलतो. एक, ह्याने पाळी सुधारते, बीज तयार होतं, दिवस राहतात. दोन, ह्याचा कसलाही अपाय नाही. आता पाळी म्हणजे काय? मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी, अंडाशय आणि गर्भाशय ह्यांच्यात महिनाभर चाललेली निरोपांची देवाणघेवाण. कुठलं हॉर्मोन कधी वाढायचं आणि कधी उतरायचं हे दिवसांच्या हिशोबात बसलेलं असतं. ह्यात जो पदार्थ खरोखर हात घालू शकतो तो बिघाडही करू शकतो. आणि जो बिघाड करूच शकत नाही, तो दुरुस्ती तरी कशाने करणार? दोन्हीपैकी एक काहीतरी निवडा बुवा.

झाडं खरोखर हात घालतात ह्याचा सर्वात मोठा पुरावा मेंढ्यांनी दिलाय. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढपाळांनी क्लोव्हर जातीचा एक हिरवागार, पौष्टिक चारा लावला. मेंढ्या खाऊन गुटगुटीत झाल्या, पण गाभण राहीनात. हजारो मेंढ्या. १९४६ साली बेनेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रकरण शास्त्रीय नियतकालिकात मांडलं, आणि पुढे कारणही सापडलं. त्या चाऱ्यात फॉर्मोनोनेटीन नावाचा पदार्थ असतो. मेंढीच्या पोटात त्याचं रूपांतर इस्ट्रोजेनसारखं वागणाऱ्या रसायनात होतं. काही मेंढ्या चारा बदलल्यावर सुधारल्या, काही कायमच्या वांझ झाल्या. शंभर टक्के नैसर्गिक, हर्बल, ऑरगॅनिक. (फॉर्मोनोनेटीन हे नाव लक्षात ठेवा. पुढे परत येणार आहे.)

दुसरा पुरावा आपल्याच मेडिकलच्या दुकानात आहे. रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या एका रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन तयार करून दाखवलं. १९५१ मध्ये मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीत त्याच वाटेने नॉरएथिस्टेरॉन बनलं, आणि १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली. म्हणजे विसाव्या शतकात बायकांच्या आयुष्यात सर्वात मोठी उलथापालथ करणाऱ्या गोळीच्या मुळाशी एक जंगली सुरणासारखा कंद आहे! पण गंमत पुढेच आहे. तो कंद नुसता उकडून खाल्ला तर ह्यातलं काहीच होत नाही, कारण कंदातल्या द्रव्याचं प्रोजेस्टेरॉन करणं आपल्या शरीराला जमत नाही. ते प्रयोगशाळेतच करावं लागतं. त्यामुळे 'अमुक झाडात हॉर्मोन असतं' हे ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही आणि घाबरण्यातही. किती, कुठल्या रूपात, कुणाच्या पोटात, हे विचारल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही.

आपल्याकडचे शास्त्रज्ञही झाडपाल्याला निरुपद्रवी मानत बसले नाहीत. संरक्षण खात्याच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेने निंबोळीच्या तेलापासून 'निम-७६' नावाचं गर्भनिरोधक तयार केलं होतं. वावडिंग, पिंपळी आणि टाकणखार ह्यांच्या मिश्रणावर सरकारी आयुर्वेद संशोधनात काम झालं, तेही गर्भ राहू नये म्हणूनच. बाळाच्या दुधात चार वावडिंगं उकळणाऱ्या आज्यांनी दचकून जाऊ नये, प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुद्दा इतकाच, की ज्या कपाटात गर्भ राहण्याची झाडं आहेत त्याच कपाटात गर्भ न राहण्याचीही आहेत, आणि घरोघरच्या पुडीत नेमकं काय बांधलंय ह्याची खात्री फारच थोड्यांना असते.

आता 'गुण येणे' ह्या प्रकाराकडे वळू. इथे मात्र माझं थोडंफार गणित कामाला येतं. नियमित संबंध असलेल्या, बाई चाळिशीच्या आतली असलेल्या शंभर जोडप्यांपैकी साधारण ८४ जणांना एका वर्षात दिवस राहतात. उरली सोळा. त्यातल्या निम्म्यांना, म्हणजे आठांना, दुसऱ्या वर्षात काहीही न करता राहतात. आता आपल्याकडे काढा कधी सुरू होतो? वर्ष उलटल्यावर. म्हणजे नेमक्या त्या सोळा घरांत. पुढच्या बारा महिन्यांत त्यातल्या आठ घरांत पेढे वाटले जाणार, मग त्या बाटलीत शतावरी असो की कोकम सरबत. आणि ही आठ घरं गप्प थोडीच बसणार? ती पत्ता देणार, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करणार, वैद्यांच्या भिंतीवर बाळाचा फोटो लागणार. उरलेली आठ घरं काहीच बोलत नाहीत. ती लग्नकार्याला जायचंच टाळायला लागतात. सर्व्हर आपोआप सुरू झाला आणि त्या क्षणी जो त्याच्या बाजूला उभा होता त्याला अ‍ॅवॉर्ड मिळालं, असा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. हे तेच.

मग झाडपाल्याची खरी परीक्षा करताच येत नाही का? येते की. दारुहळदीत बर्बेरीन नावाचं पिवळं द्रव्य असतं, चिनी वैद्यकातल्या एका मुळीतही तेच असतं. पीसीओएस असलेल्या ६४४ चिनी बायकांवर त्याची रीतसर चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एकाला लेट्रोझोल ही बीज तयार होण्यासाठीची नेहमीची गोळी, एकाला बर्बेरीन, एकाला दोन्ही. बाळ जन्माला येण्याचं प्रमाण अनुक्रमे ३६ टक्के, २२ टक्के आणि ३४ टक्के. म्हणजे बर्बेरीन एकटं मागे पडलं, आणि गोळीच्या जोडीला दिल्यावरही त्याने काही भर घातली नाही. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्यात कोणी कोणाच्या परंपरेचा अपमान केलेला नाही. विचारलं, मोजलं, आलेलं उत्तर छापलं. शतावरीबद्दल असं काही शोधायला जावं तर बहुतेक वेळा उंदीर भेटतात, नाहीतर मूठभर बायकांवरचे छोटे अभ्यास. एवढ्या लाडक्या वनस्पतीच्या नशिबी एवढंच यावं ह्याचा राग मला आयुर्वेदावाल्यांपेक्षा जास्त येतो, असं कधीकधी वाटतं.

बरं, बाटलीवर लिहिलंय तेच बाटलीत आहे का? अशोकारिष्ट घ्या. पाळीच्या तक्रारींवरचं आपल्याकडचं सर्वात प्रसिद्ध औषध. त्याला सीता-अशोकाची साल लागते, केशरी-लाल फुलांचे झुबके येतात तो. आपल्या सोसायटीच्या कंपाउंडला रांगेने उभा असतो तो उंच, सडपातळ 'अशोक' तो हा नव्हे. तो वेगळ्याच कुळातला, त्याला खोटा अशोक म्हणतात. खरा अशोक जंगलातून कमी झालाय, सालीला मागणी मात्र प्रचंड. मग बाजारात काय होत असेल ते सांगायला नको. दक्षिण भारतातल्या बाजारांतले सालीचे नमुने डीएनए लावून तपासले तेव्हा बहुतेक नमुने खऱ्या अशोकाचे निघालेच नाहीत. म्हणजे ग्रंथातला पाठ कितीही अचूक असला तरी तो बिचारा कंपाउंडच्या झाडावर चालवून काय होणार?

हे झालं भेसळीचं. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की काही वेळा विष भेसळीतून येत नाही, ते पाठातच असतं. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याला सहा गरोदर बायकांच्या रक्तात धोकादायक प्रमाणात शिसं सापडलं. बहुतेक जणी भारतात जन्मलेल्या. शोध घेतला तर दुवा निघाला भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांचा. गर्भपाल रस नावाचं एक जुनं औषध आहे. नाव किती आश्वासक! त्याच्या पाठात नागभस्म आहे, आणि नाग म्हणजे शिसं. शिसं वारेतून सरळ बाळापर्यंत जातं, आणि बाळाच्या मेंदूसाठी त्याचं सुरक्षित असं प्रमाण नाही. बॉस्टनच्या संशोधकांनी २००४ मध्ये तिथल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. पाचात एक. त्यामुळे नुसत्या वनस्पतींचा काढा आणि 'रस' किंवा 'भस्म' नावाचं औषध ह्यांत फरक करायला तरी शिका, एवढी कळकळीची विनंती. 'आयुर्वेदिक' म्हणजे 'झाडपाला' हे समीकरणच चूक आहे.

"पण सरकार तपासत असेल ना?" असं माझ्या एका मित्राने विचारलं. ग्रंथातल्या पाठाप्रमाणे बनवलेल्या औषधाला लायसन्स मिळवताना वेगळी सुरक्षिततेची चाचणी द्यावी लागत नाही, ग्रंथाचा आधार पुरतो. तसंच आपला एक १९५४ चा कायदा आहे, औषधं आणि जादूटोण्याचे उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याप्रमाणे पाळीच्या तक्रारी आणि स्त्रियांचं वंध्यत्व बरं करण्याची जाहिरात करायलाच बंदी आहे. आता फोन उघडा आणि पाच मिनिटं रील्स बघा.

मुलगा होण्याच्या औषधांचा विषय तर वेगळाच लेख मागतो, पण एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ३० एप्रिल २०१५ ला राज्यसभेत खासदार के. सी. त्यागी ह्यांनी दिव्य फार्मसीचं 'पुत्रजीवक बीज'चं पाकीट दाखवून गदारोळ केला होता, आठवत असेल. कंपनीने खुलासा केला की हे त्या झाडाचं जुनं नाव आहे, मुलाशी संबंध नाही. झाडाचं नाव तेच आहे हे खरंही आहे. पण गावोगावी पुड्यांमधून जे विकलं जातं त्याला असा खुलासाही नसतो. हरयाणात 'मुलगा होण्यासाठी' गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात शिवलिंगी आणि मजूफळाच्या पुड्या घेतात. म्हणजे बाळाचे अवयव तयार होत असतात नेमका तोच काळ. तिथल्या अभ्यासांत अशा पुड्या घेतलेल्या बायकांमध्ये मृत जन्म आणि जन्मजात व्यंगं जास्त आढळली. पुड्या तपासल्या तेव्हा त्यात वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन सापडली. त्यातलं एक कोणतं? फॉर्मोनोनेटीन. ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांवालं. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच पुरुषाच्या शुक्रजंतूने ठरवून टाकलेलं असतं हे ज्यांना शाळेत शिकवलंय तेही ही पुडी आणतात, ह्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

असो. आता मूळ दुखण्याकडे येतो, ज्यासाठी हा सगळा लेखनप्रपंच.

बाटली नेहमी तिच्यासाठीच का येते?

माझ्या जुन्या ऑफिसातली एक मैत्रीण. तिला विचारून लिहितोय, तपशील बदललेत. बत्तिसाव्या वर्षी 'बघू आता' असं दोघांनी ठरवलं. वर्षभराने सासूबाईंनी वैद्य सुचवले. सकाळी उपाशीपोटी तूप, संध्याकाळी काढा, पथ्य म्हणून बाहेरचं जेवण बंद. टीम लंचला ही डबा घेऊन बसायची आणि आम्ही 'डाएट का?' म्हणून चिडवायचो. एक वैद्य झाले, दुसरे झाले, मग एक नागपूरकडचे झाले. नवरा अतिशय सज्जन. दर वेळी गाडीने घेऊन जायचा, बाहेर थांबायचा. तीन वर्षं गेली. शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत त्याच्या हातात चिठ्ठी दिली: सीमेन अ‍ॅनालिसिस. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू जवळजवळ नाहीतच. ती मला म्हणाली, "तीन वर्षं कडू मी पीत होते रे, आणि रिपोर्ट त्याचा होता."

तोपर्यंत ती छत्तिशीत होती. बाईच्या अंडाशयातला बीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो, आणि पस्तिशीनंतर संख्या आणि प्रत दोन्ही वेगाने उतरतात. कुठल्याही काढ्याची खरी किंमत बाटलीवर छापलेली नसते, ती ह्या महिन्यांत मोजायची. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्याचं एक मोठं कारण म्हणजे जननेंद्रियांचा क्षय. तो आतल्या आत, ताप-खोकला न दाखवताही असू शकतो, आणि त्याला क्षयाचीच औषधं लागतात. थायरॉइड बिघडलेलं असू शकतं. ह्यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी साधी तपासणी उपलब्ध आहे. आणि ह्या तपासण्यांआधी सुरू झालेला कुठलाही उपचार, हर्बल असो की अ‍ॅलोपॅथिक, हा लॉग न बघता कोड बदलण्याचा प्रकार आहे.

थायरॉइडवरून आठवलं. आपल्या ऑफिसांत अर्धी जनता स्ट्रेससाठी अश्वगंधा घेते, गमी काय, कॅप्सूल काय. अश्वगंधेने थायरॉइड हॉर्मोन वाढू शकतं. डेन्मार्कने २०२३ मध्ये फूड सप्लिमेंटमध्ये अश्वगंधा वापरायला बंदी घातली, त्यात थायरॉइड, लैंगिक हॉर्मोन आणि गर्भपाताची शक्यता ह्या काळज्या होत्या. डेन्मार्कवाले जरा जास्तच घाबरट असतील असं समजू. तरी 'चान्स घेत' असताना ही कॅप्सूल चालू आहे हे तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे का? बहुतेकांना नसतं. कारण 'औषधं काय चालू आहेत?' असं विचारल्यावर आपण गोळ्या मोजतो, काढे मोजत नाही. घरचं ते, औषध थोडंच!

ह्यावर 'सगळी अ‍ॅलोपॅथीची लॉबी' अशी प्रतिक्रिया येणार हे मला माहीत आहे. तर आधीच सांगतो, आयव्हीएफ सेंटरांच्या होर्डिंगवरची गुबगुबीत बाळं आणि यशाचे टक्के बघून मला तेवढाच वैताग येतो. तिथेही गरज नसलेल्या अ‍ॅड-ऑनचं बिल लावतात, आणि तेही आकड्यांत लाखाच्या घरात. आणि चांगले वैद्य मी पाहिलेत. पुण्यातल्या एका वैद्य बाईंकडे जोडपं गेलं की त्या आधी दोघांचे रिपोर्ट मागतात, रिपोर्ट नसतील तर परत पाठवतात. वजन, झोप, सिगारेट ह्यांवर अर्धा तास बोलतात आणि पीसीओएसवालीला आधी चालायला लावतात. वजन थोडं उतरलं तरी पाळी सुधारते, हे कुठल्याही पॅथीत खरं आहे. त्या भस्म देत नाहीत. त्यांचं दुकान फार चालत नाही, हेही सांगून टाकतो.

तर पुढच्या वेळी गावाहून बाटली आली, तर आत्याशी भांडू नका. ती प्रेमाने पाठवते, आणि तिच्या वेळी तिला दुसरं काही उपलब्धही नव्हतं. "आत्या, ठेवते हं, आधी दोघांच्या टेस्ट होऊ देत," एवढं सांगितलं की पुरतं. बाई पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर वाट बघून, पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनी, आणि पाळी मुळातच अनियमित असेल तर लगेच डॉक्टर गाठायचा. फॉलिक अ‍ॅसिडची साधी गोळी मात्र आधीपासून चालू करायची, तिचा फायदा पक्का सिद्ध झालेला आहे. आणि पहिली तपासणी नवरोबाची. ती सर्वात सोपी, सर्वात स्वस्त, सुई नाही, भूल नाही. आधीचे दोन ते सात दिवस जरा ब्रह्मचर्य पाळावं लागतं, बस. रिपोर्टात गडबड दिसली तर काही आठवड्यांनी परत करून बघतात. बऱ्याच लॅब रविवारी सकाळीही उघड्या असतात.